लाल ठिपक्याचं बटन

जवळा बाजार,
ता. ९ सप्टेंबर २००२

शिवहार भाऊजींना सीमाचा नमस्कार,

पत्र पाहून नवल वाटंल. फेब्रुवारीत तुमच्या भावाचं तेरावं करून गेलात ते गेलातच. औरंगाबादला तुमच्या दुकानी दोनदा फोन लावला, दोन्ही बारीला कुणीतरी म्हणलं शिवहार बाहेर गेलाय. आता तिसऱ्यांदा लावणार न्हाई. इथल्या बूथवर आपण बोलतो आन् सगळा बाजार ऐकतो. म्हणून लिहून राहिले.

ह्यांचं टायपिंगचं दुकान मी चालवते हे कानावर आलंच आसंल. लग्नाआधी वसमतला मराठी तीसची परीक्षा दिली होती, ती आता कामी आली. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, जे येईल ते करते. सुकन्याला पहिलीत घातलं. मामाजी मेंढरांमागं रानोमाळ, त्यांचा काय भरवसा. घर त्या मशीनवर चालतं, म्हणून तिचं दुखणं तुमाला सांगते. तुमी कॉम्प्युटरचे डॉक्टर.

किबोर्ड बिघडलाय. बटन सोडलं तरी अक्षर उमटतच राहतं. परवा एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या नावापुढं दीड ओळ नुसते 'स' आले. नवरदेवाचा बाप समोर बसलेला, तो माझ्याकडं बघून राहिला आन् मी किबोर्डकडं.

दुसरी तकलीफ जरा निराळी आहे. पहाटं पाचला लाईट येते, सातला जाते, मग दहाला येते. दहाला मी दुकान उघडून मशीन चालू केली की मी न लिहिलेला कागद आपोआप समोर येतो. खाली नुसती कशीबी अक्षरं, अर्थ ना बुर्थ. वर एक ओळ आसती. ती काय आहे ते आत्ता लिहीत न्हाई, तुमी मला येडी म्हणाल. रोज न्हाई होत, पण आठवड्यातून तीनदा-चारदा होतं. दुकानाला कुलूप आसतं आन् चावी घरात खिळ्याला.

काय करू ते लवकर कळवा. तुमच्या माय, आत्याबाई, बऱ्या आहेत. बोलायच्या मात्र कमी झाल्यात.

तुमची वहिनी,
सीमा

०

औरंगाबाद,
ता. १६ सप्टेंबर २००२

ती. सीमावहिनीस,
शिवहारचा नमस्कार.

फोनचं माफ करा. कामाचा फार रेटा असतो.

किबोर्डचं दुखणं साधं आहे, आत कचरा गेलाय. मशीन बंद करून किबोर्डची वायर काढा. किबोर्ड पालथा धरून पाठीवर हळू थोपटा. मग चमच्याच्या दांड्याने एकेक बटन उचकटून काढा. काढायच्या आधी कोणतं कुठे आहे ते कागदावर बराबर काढून ठेवा, नाहीतर नंतर डोक्याला हात लावून बसाल. ब्रशने आतला कचरा काढा, मेडिकलमधून स्पिरिट आणून कापसाने पुसा आणि तासभर वाळू द्या.

आपोआप येणाऱ्या कागदाला घाबरू नका. टाईप करताना लाईट गेली तर वर्ड अर्धवट काम स्वतःच जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी समोर आणून ठेवतं. दादा लोडशेडिंगला वैतागला होता, म्हणून मीच त्याला दर मिनिटाला जपायची सोय करून दिली होती. मशीन चालू केली की वर्ड आपोआप उघडतं, तीही त्याचीच सोय. तेव्हा तो कागद म्हणजे तुमचंच आदल्या दिवशीचं काहीतरी असणार. ती ओळ काय आहे ते मात्र लिहा, कळायला बरं पडेल.

मायला नमस्कार सांगा. सुट्टी मिळाली की येतो.

आपला,
शिवहार

०

जवळा बाजार,
ता. १ ऑक्टोबर २००२

शिवहार भाऊजी,

सुट्टी मिळाली की येतो, हे तुमी तेराव्याहून निघतानाबी म्हणला होतात. आसो.

किबोर्ड उघडला. तुमी म्हणलात तसं सगळं कागदावर काढून ठेवलं, तरी दोन बटनं आदलाबदल झाली आन् एक दिवस मी 'पाटील'चं काय केलं ते सांगत न्हाई. आत काय निघालं म्हणता? लोकर. काळी लोकर, बटनाबटनाखाली गुंतलेली. चिमटीचिमटीनं काढली, वाटीभर झाली.

ती कुठून आली ते मला तिथंच कळालं. आत्याबाई रोज सांजच्याला दुकान बंद करताना किबोर्डवर घोंगडीचा तुकडा पांघरतात. मी म्हणायची, पांघरू द्या, धूळ तर बसत न्हाई. पण तो तुकडा कोणत्या घोंगडीचा ते मला ठाऊक नव्हतं, त्या दिवशी विचारलं. तीच घोंगडी, भाऊजी. त्या रविवारी मशीन दुरुस्तीला परभणीला न्यायची म्हणून आत्याबाईंनी ती घोंगडीत गुंडाळली होती आन् मेंढरामागं वाटंत जन्मलेलं कोकरू पाठीशी बांधतात तशी ह्यांच्या पाठीशी बांधून दिली होती. हट्टा गावाच्या अलीकडं ह्यांच्या फटफटीला ट्रकनं उडवलं. पोलिसांनी मशीन आणून दिली तव्हा तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. आत्याबाईंनी घोंगडी नदीवर धुतली आन् तिचा तुकडा काढून ठेवला. आता मी त्यांना काय म्हणू, पांघरू नका म्हणू?

बटनं आता बराबर चालतात. पण तो कागद येतोच. तुमी म्हणता माझंच आदल्या दिवशीचं काम. न्हाई. मी संध्याकाळी मशीन नीट बंद करते.

परवा तर हद्द झाली. तांड्यावरचे मोहनसिंग विहिरीच्या अर्जाला आले होते. मी तोच उघडलेला कागद न बघता खाली त्यांचा अर्ज टाईप केला आन् छापला. मोहनसिंगांनी कागद हातात घेतला आन् वरची ओळ वाचली. मग कागद कपाळाला लावला, टेबलावर ठेवला आन् अर्ज न घेताच निघून गेले. आता तांड्यावरून कुणी येईना. ह्यांचं नाव घेऊन बाजारात म्हणतात, प्रभू अजून दुकानात बसतो.

ओळ अशी आहे:

"चि. शिवहार यास, अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की"

पुढं काही न्हाई. त्याखाली ती कशीबी अक्षरं. तुमाला ठाऊक आहे, ह्यांची तुमाला येणारी पत्रं अशीच सुरू व्हायची.

मी येडी न्हाई. पण सकाळी दुकान उघडलं की मी आधी दारातूनच आत बघते.

सीमा

०

औरंगाबाद,
ता. ९ ऑक्टोबर २००२

ती. सीमावहिनीस नमस्कार.

पत्र मिळालं. घाबरण्यासारखं काही नाही. जुन्या फाईलचा तुकडा कुठेतरी अडकून राहिला असेल, तोच परत परत वर येतोय. असं होतं कधीकधी.

मशीन फॉरमॅट करून टाका. म्हणजे आतलं सगळं पुसायचं आणि वर्ड वगैरे नव्याने टाकायचं. वसमतला माझ्या ओळखीचे एक मेकॅनिक आहेत, मी त्यांना सांगून ठेवलंय, ते दुकानात येऊन करून देतील. काहीच काढून ठेवू नका, जुनं काही ठेवलं की तेच दुखणं परत येतं. या महिन्यातच उरकून टाका.

लोकांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका.

शिवहार

०

जवळा बाजार,
ता. २८ ऑक्टोबर २००२

शिवहार भाऊजी,

तुमचे मेकॅनिक येऊन गेले. मी त्यांना चहा पाजला आन् परत धाडलं. राग आला आसंल तर येऊ द्या, मीबी रागातच लिहून राहिले.

जुन्या फाईलचा तुकडा म्हणता, तर खालची अक्षरं दर बारीला निराळी काहून येतात? मी चार कागद छापून शेजारी शेजारी ठेवले. वरची ओळ काना-मात्रेसकट तीच, खालचं सगळं येगळं. कधी दोन ओळी, कधी पानभर. तुकडा आसता तर तुकड्यासारखा राहिला आसता.

आता ऐका. किबोर्डच्या सगळ्यात वरच्या रांगेत एका बटनावर लाल ठिपका आहे. नेलपॉलिशचा, माझ्याच बाटलीतला, ह्यांनी कधीतरी लावलेला. मी ते बटन कधी वापरतच न्हाई. परवा मशीन चालू आसताना फडकं मारत होते, बोट त्याच्यावर पडलं आन् एका दमात सगळी ओळ समोर आली. चि. शिवहार यास, अनेक आशीर्वाद. मी खुर्चीवरून उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. अर्ध्या तासानं परत आले, परत दाबलं. परत आली.

म्हणजे ओळ त्यांनीच त्या बटनात भरून ठेवली होती, दर पत्राला परत लिहायला नको म्हणून. एवढं मला समजलं. पण बटन दाबतं कोण? सुकन्या सातपातुर उठत न्हाई. मी साडेपाचला पाण्याला जाते, तव्हा आत्याबाई चूल पेटवत आसतात. त्यांना ठिपक्याचं विचारलं, तर म्हणल्या, मी त्या पेटीला हातबी लावत न्हाई, पांघरूण घालते तेवढंच.

मग मला जे वाटतं ते सांगून टाकते. तुमचा भाऊ तुमाला काहीतरी सांगून राहिला आन् त्याला सांगता येईना. कारण की, कारण की, रोज तेच, आन् पुढचं येतच न्हाई. ते कारण तुमाला ठाऊक आसंल तर मला कळवा. आन् ठाऊक नसंल तर हे सांगा, की तुमाला सगळं पुसायची एवढी घाई काहून? तुमच्या भावाच्या हातचं ह्या घरात तेवढंच उरलंय.

दिवाळीला या. आत्याबाई तुमच्या वाटंकडं डोळे लावून बसल्यात, तोंडानं बोलत न्हाईत तेवढंच.

सीमा

०

औरंगाबाद,
ता. १२ नोव्हेंबर २००२

वहिनी,

दिवाळीला आलो नाही. तिकीट काढलं होतं. स्टेशनावर गेलो आणि परत आलो.

कारण मला ठाऊक आहे. ते लिहितो. वाचून झाल्यावर पत्र फाडा की ठेवा, तुमची मर्जी.

दादाची मशीन जानेवारीत बंद पडली होती. चालू केली की नुसती बीप वाजायची. त्याने मला पत्र लिहिलं, शिवा, येऊन बघून जा. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं वहिनी. आतली मेमरीची पट्टी काढायची, खोडरबराने घासायची आणि परत बसवायची. पाच मिनिटांचं काम. पत्रात चार ओळींत लिहिता आलं असतं, जसं तुम्हाला किबोर्डचं लिहिलं. पण मला माझा रुबाब दाखवायचा होता. मी लिहिलं, हे नाजूक काम आहे, मशीन घेऊन रविवारी १० फेब्रुवारीला परभणीच्या स्टेशनावर ये, मी पहाटेच्या गाडीने येतो, तिथेच करून देतो.

म्हणून तो परभणीला निघाला होता. तुम्हाला वाटतं कुण्या मेकॅनिककडे. तो माझ्याकडे येत होता.

आणि मी निघालोच नव्हतो.

पहाटे गजर झाला. थंडी होती. मी तो बंद केला आणि कूस बदलली. मनात म्हणलं, दादा तासभर वाट बघंल आन् जाईल परत, पुढच्या रविवारी बघू. दुपारी दुकानात फोन आला तेव्हा मी डबा खात होतो. गावाकडे आलो, खांदा दिला, आणि कुणालाच सांगितलं नाही. ती मशीन नंतर आपोआप चालू झाली असं तुम्ही तेराव्याला म्हणालात. ट्रकच्या धक्क्याने पट्टी बसली असणार. मी ते ऐकलं आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने निघालो.

आता तो रोज मला पत्र लिहायला बसतो. पत्र लिहिण्यास कारण की, तू आला न्हाईस. हेच असणार पुढचं. म्हणून मला ते पुसायचं होतं. मला त्या घराच्या दारात उभं राहायचा हक नाही.

शिवहार

०

जवळा बाजार,
ता. २७ डिसेंबर २००२

शिवहार भाऊजी,

तुमच्या पत्राला दीड महिना उत्तर दिलं न्हाई. द्यायचंच नव्हतं. वाचलं आन् तुमच्या नावानं बोटं मोडली. खरं सांगते, तुमाला शिव्या दिल्या. रागात त्या मशीनचीबी वायर काढून आठ दिवस तशीच ठेवली. मग सुकन्याची फी आली आन् परत लावली. माझं माणूस गेलं एका खोडरबरापायी, हे मला जन्मभर पुरंल. ते मी विसरणार न्हाई आन् तुमी विसरा आसंबी म्हणणार न्हाई.

पण लिहिण्याचं कारण येगळंच आहे.

वायर लावल्यावर चार दिवसांनी कागद परत आला. मी ठरवलं, आता बघायचंच. सोमवारी साडेपाचला घागर घेऊन निघाले, कोपऱ्यावरून मागं फिरले आन् दुकानाच्या मागच्या खिडकीशी उभी राहिले. ते दिसले तर काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. हसू नका.

आत आत्याबाई होत्या.

खिळ्याची चावी घेऊन आलेल्या. त्यांनी बोर्डावरचं बटन खाली केलं, मशीनचं बटन दाबलं. तुमचा भाऊ आंघोळीला गेला की त्यांना सांगायचा, माय, मशीन लावून ठेव. तेवढं त्यांना येतं. मग घोंगडीचा तुकडा उचलून मांडीवर घेतला, ठिपका शोधून दाबला, ओळ येईपर्यंत थांबल्या. आन् मग एका बोटानं, एकेक बटन दाबत, तोंडानं बोलायला लागल्या.

मला तव्हा उमगलं. हे तुमाला पत्र लिहायला बसायचे तव्हा आत्याबाई शेजारी बसून सांगायच्या, आन् ह्यांची बोटं बटनावर पडायची, आन् आत्याबाईंचं बोलणं कागदावर यायचं. कितीदा बघितलं आसंल त्यांनी. त्यांना वाटतं, सांगणारानं बोलायचं आन् बटनं दाबायची, म्हणजे उमटतं. त्यांना अक्षर कुठं ठाऊक आहे? आन् लाल ठिपका शिवाचा, म्हणजे ते दाबलं की पत्र शिवाला जातं.

त्या जे बोलल्या ते मी आठवून आठवून त्याच दिवशी लिहून ठेवलं. एक सबूद माझा न्हाई.

"शिवा, लेकरा, तुजं उत्तर काऊन येईना? किती पत्रं धाडली. तू रागाला आलास, म्या समजते. प्रभूनं तुजं पत्र मला वाचून दाखिवलं व्हतं. तू त्या दिशी परभनीच्या ठेसनावर दिसभर उपाशी बसला आसशील, वाट बघत. तुला सांगाया बी कुनी आलं न्हाई. तुजा काई गुना न्हाई. गाठ म्या मारली. त्यो म्हनला, माय, ढिली कर, आवळतंय. म्या म्हनलं, पेटी पडंल. दोन गाठी मारल्या. लोक म्हनत्यात त्याला उडी घ्याया आली न्हाई. पेटी वाचली, बग. माजी गाठ सुटली न्हाई. म्या कुनाला सांगितलं न्हाई, सीमाला बी न्हाई. तुलाच सांगून राहिले. तू मारशील तर मार, पर ये."

मग लाईट गेली, त्या दिवशी सातच्या आधीच. त्या अंधारात बसून राहिल्या, मग तुकडा परत पांघरला आन् कुलूप लावून चुलीशी गेल्या. मी पाणी न आणताच घरी आले, त्यांनी विचारलंबी न्हाई.

मी त्यांना काही बोलले न्हाई. दहाला लाईट आल्यावर कागद आला, तो छापला. त्यांच्या समोर पाकिटात घातला आन् म्हणलं, आत्याबाई, शिवहार भाऊजींचं पत्र पोस्टात टाकून येते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणल्या, तिकीट नीट चिटकव.

कागद सोबत आहे. वरची ओळ तुमच्या भावाची, खालचं सगळं तुमच्या मायचं. तुमी ठेसनावर नव्हतात हे मी त्यांना सांगणार न्हाई. ते माझं काम न्हाई.

सीमा

०

औरंगाबाद,
ता. ३ जानेवारी २००३

वहिनी,

कागद तीन दिवस खिशात घेऊन फिरतोय. दुकानात एक जण म्हणाला, हे काय, किबोर्ड बिघडलाय का रे याचा? मी म्हणलं, न्हाई, बराबर आहे.

रविवारी, १२ तारखेला, पहाटेच्या गाडीने निघतो. परभणीला उतरतो आणि तिथून हट्ट्याच्याच रस्त्याने येतो. ठेसनावर मी नव्हतो हे मायला मीच सांगणार, तिच्यासमोर बसून, तोंडाने. तुम्ही काही सांगू नका. त्यानंतर तिने घरात घेतलं तर राहीन, नाही घेतलं तर ओट्यावर बसेन.

मशीनला हात लावू नका. ठिपका झिजत आला असेल तर तुमच्या बाटलीतलं थोडं परत लावून ठेवा. तिला बटन सापडायला पाहिजे.

मायला तोवर एवढंच सांगा, पत्र मिळालं.

शिवहार